त्याग म्हणून काढलेले केस

माझ्या भावाचे केस गेले तेव्हा त्यावर घरात, मजल्यावर आणि नात्यात उघड चर्चा झाली. तो चोवीस वर्षांचा होता आणि घाटकोपरहून अंधेरीच्या ऑफिसला बाइकने जायचा, म्हणून पहिला संशय हेल्मेटवर आला. मग आमच्या बिल्डिंगला येणाऱ्या टँकरच्या पाण्यावर, मग शाम्पूवर, जागरणांवर, बाहेरच्या खाण्यावर. मावशी म्हणाली, मामावर गेलाय. मामा टकला होताच, त्यामुळे खटला तिथेच निकालात निघाला. भाऊ स्वतःच टाळूवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "एकदम झकास. आता फडक्याने पुसलं की झालं." त्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी नोकरी विचारली, जोगेश्वरीच्या खोलीचे कागद विचारले. केसांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

माझे केस गळायला लागले तेव्हाही कुणी चकार शब्द काढला नाही, कारण मी कुणाला कळूच दिलं नाही.

माझी आणि आईची गोष्ट सांगायची तर केसांपासूनच सुरुवात करावी लागते. मी रंगाने, नाकाने, चिडकेपणाने वडिलांवर गेले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण भिंतीवरच्या फोटोत अजून त्यांचं दाट केसांचं डोकं आहे. घरी कुणी आलं की आई माझी वेणी पुढे ओढून दाखवायची. "सगळी बापावर गेली बघा, केस तेवढे माझे घेतलेत." आईची वेणी कमरेपर्यंत होती. ती आम्ही उठायच्या आत आंघोळ करून, वेणी घालून, डोक्यावर पदर घेऊन तयार असायची. आमच्या आईला मोकळ्या केसांनी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि त्यात काही विशेष आहे असंही कधी वाटलं नाही.

मी मुलुंडच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. केस गळतात म्हणून येणाऱ्यांच्या तपासण्यांची यादी मला तोंडपाठ आहे: हिमोग्लोबिन, साठलेलं लोह, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, डी. खुर्चीत बसलेलं माणूस बघून कागद न वाचता मी सांगू शकते. खांद्यावर चार महिन्यांचं बाळ घेऊन आलेली बाई. लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून नुसत्या काकड्या खाणारी मुलगी. दाढीत आणि डोक्यात रुपयाएवढी चाई पडलेला माणूस, जो सारखा विचारतो की हे घरच्यांना लागेल का. त्याला मी सांगायचे, नाही हो, हे कुणाला लागत नाही. जिममध्ये छाती फुगवून आलेली पोरं सुई बघून पांढरी पडायची आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकलेल्या केसांचा दोष शाम्पूला द्यायची. मी मनात हसायचे. कामाच्या वेळी डोक्यावर टोपी असायची आणि टोपीखाली आठ वर्षं रोज करकचून बांधलेला अंबाडा. ओढीनेही केस जातात, म्हणजे तोही कारणांच्या यादीत बसतो, हे मला माहीत होतं. पण दुसऱ्याच्या दंडाला पट्टा बांधताना स्वतःच्या डोक्याकडे कुठे लक्ष जातं.

मला टायफॉइड झाला, त्यातून उठले, कामावर गेले आणि तीन महिन्यांनी न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसायला लागला. रोज. मी तो उचलून कागदात गुंडाळायचे, पर्समध्ये टाकायचे आणि मुलुंडला उतरून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. घरातल्या डब्यात टाकला असता तर आईला दिसला असता. सहा महिन्यांनी भांग रुंद झाला. आठ महिन्यांनी वेणी शेवटी उंदराच्या शेपटीएवढी राहिली. मग मी स्टेशनजवळच्या एका दुकानात जाऊन गंगावन घेतलं आणि ते वेणीत गुंफायला शिकले. दर रविवारी आई डोक्याला तेल लावायची, ते बंद केलं. "आता काय मी लहान आहे?" असं जरा चिडूनच म्हणाले. आईने तेलाची बाटली उचलून ठेवली आणि परत कधी आग्रह केला नाही. तिला वाईट वाटलं असणार, असं मला वाटलं.

लॅबला नमुने पाठवणाऱ्या एक त्वचेच्या डॉक्टरीणबाई होत्या. शेवटी त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंग लावून डोकं बघितलं आणि माझाच रिपोर्ट मला वाचून दाखवला. लोह जवळजवळ संपलेलं. "तीन गोष्टी एकत्र आल्यात," त्या म्हणाल्या. "तापाने गेले ते येतील. ताप आज येतो, केसांना ती बातमी तीन महिन्यांनी पोचते. लोह कमी म्हणून जातायत, तेही गोळ्या घेतल्यास की येतील. पण हा मधला भांग बघ. हे घराण्यातलं आहे. पुरुषांचं टक्कल पडतं, बायकांचा भांग पसरतो, मूळ तेच. भावाचे गेलेत म्हणालीस ना? मग तुला नसेल असं का धरून चाललीस?" त्यांनी विचारलं, आईचे कसे आहेत. मी म्हणाले, दाट. कमरेपर्यंत. वडिलांचे? मी म्हणाले, शेवटपर्यंत दाट. त्यांनी पेन थांबवलं. "कुणाकडून तरी आलंच असेल," म्हणाल्या आणि डोक्याला रोज चोळायचं औषध लिहून दिलं. सुरुवातीला थोडे जास्त गळतील, घाबरू नकोस, पण सोडू नकोस. जितका उशीर करशील तितकं कमी परत येईल.

औषध आणलं आणि वाट लागली. आमचं घर सातव्या मजल्यावरचं, झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेलं, एसआरएचं, एक खोली आणि ओटा. भाऊ जोगेश्वरीला गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि आई दिवसभर घरी. आरसा एकच, तो दाराजवळ. केस मोकळे सोडून, भांग पाडून, थेंब टाकून चोळत बसायचं तर आईसमोर बसायचं. न्हाणीघरात अंधुक दिवा आणि बाहेरून आईचा आवाज, "काय गं, झोपलीस का आत?" बाटली अकरा महिने कपड्यांखाली पडून राहिली. मी भित्री नाही. दारूच्या नशेतल्या माणसाचंही रक्त मी दरडावून काढते. पण "आई, तुझ्याकडून घेतलेले केस मी घालवले" हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. त्यात माझा बायोडाटा फिरत होता. फोटोत वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, निम्मी गंगावनाची. मला लग्न करायचं होतं. हेही इथे लिहून टाकते, कारण नंतर ते कुणालाच खरं वाटलं नाही.

अशात आमच्या बुद्धविहाराच्या फळ्यावर सूचना लागली: मे महिन्यात महिलांचं दहा दिवसांचं श्रामणेरी शिबिर. आमच्या समाजात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. दहा दिवस घर सोडून भिक्खुणीसारखं राहायचं, त्यांचं वस्त्र म्हणजे चीवर घालायचं, दुपारनंतर जेवायचं नाही, सकाळी भिक्षेला जायचं. आणि पहिल्या दिवशी मुंडन करायचं.

मी फळ्यासमोर उभी राहिले आणि मला हसूच आलं. सगळे केस जाणार, पंधरा बायकांबरोबर जाणार, आणि कुणी का म्हणून विचारणार नाही. परत येतील तेव्हा बारीक येतील, तोपर्यंत उघड्या डोक्याला औषध चोळता येईल. इतकी साधी वाट आधी सुचली कशी नाही, याचंच नवल वाटलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. हात थांबला. "सगळे काढतात?"

"सगळे."

"बायकांचे पण?"

"हो गं. बायकांचंच शिबिर आहे."

"आणि कुणी काही विचारत नाही?"

"काय विचारणार? त्याग असतो तो."

भाकरी तव्यावर करपली. मग आई रडली. इतके सुंदर केस द्यायला निघालीस, म्हणाली, तुझे वडील असायला हवे होते. दुसऱ्या दिवसापर्यंत सातही मजल्यांना कळलं होतं. जिन्यात बायका माझी वेणी हातात घेऊन हळहळायच्या आणि मी वेणी झटकन मागे घ्यायचे, कारण ओढ बसली तर गंगावन त्यांच्याच हातात राहिलं असतं. भावाने फोन केला. "टकल्यांच्या संघात स्वागत आहे," म्हणाला, आणि मग गंभीर होऊन, "खरंच ग्रेट आहेस यार तू." मी फोन ठेवला.

शिबिराच्या दिवशी आई म्हणाली, शेवटचं तेल मी लावते. मी म्हणाले, चालत नाही, नियम आहे. असा काही नियम नव्हता. विहाराच्या संडासात जाऊन मी पिना काढून गंगावन सोडवलं आणि सगळं पॅडच्या पिशवीत कोंबलं. सकाळीच सगळ्यांबरोबर पंचशील घेतलं होतं. चौथं शील, खोटं बोलणार नाही.

घरची माणसं मांडवात बसली होती आणि मुंडन पडद्यामागे होतं, एवढं एक बरं झालं. शिबिर घेणाऱ्या आर्याजी पन्नाशीच्या भिक्खुणी होत्या, आवाज कमी, हात भरभर. मुंडन करताना त्या प्रत्येकीकडून शरीराच्या पाच गोष्टी म्हणून घ्यायच्या: केस, लव, नखं, दात, कातडी. यांना आपलं समजू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या डोक्यावर त्यांचा हात टेकला आणि टाळूवर थांबला. बाकीच्या बायकांसमोर पांढऱ्या कापडावर ढीग पडले होते. माझ्या कापडावर मूठभर.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?" मी म्हणाले.

त्या थांबल्या. मी अजूनही म्हणू शकले असते. मी म्हणाले, "नाही, काहीच नाही." त्यांनी वस्तरा चालवला आणि पाच गोष्टी माझ्याकडून म्हणून घेतल्या. त्या दहा दिवसांत त्यांनी परत तो विषय काढला नाही. मी मात्र त्यांच्या समोरून जाताना मान खाली घालायचे आणि सगळ्यांना वाटायचं, केवढी ही नम्रता.

ज्या बाईच्या अंगात लोह नाही तिने दुपारी बारानंतर उपाशी राहायचं, यातला विनोद मला कळत होता. तिसऱ्या दिवशी चक्कर आली. बायका म्हणाल्या, ध्यान लागलं.

पाचव्या दिवशी आमची भिक्षेची फेरी माझ्याच बिल्डिंगकडे आली. मेचं ऊन, अनवाणी पाय, हातात भिक्षापात्र, डोकं तापलेलं. गेटपाशी शेजारणी ओळीने उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे आई. ठेवणीतली पांढरी साडी, हातात भाताचं पातेलं. तिने पात्रात भात वाढला, पातेलं बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. चीवर घातलेल्या माणसाला आई असली तरी नमस्कार करते, आणि चीवर घातलेल्या माणसाने तिला उठवायचं नसतं, उलट वाकायचं नसतं. मला हे शिकवलं होतं. तरी माझे हात पुढे गेले आणि शेजारच्या श्रामणेरीने कोपराने मला अडवलं.

आई पहिल्यांदा वाकली, दुसऱ्यांदा वाकली, तिसऱ्यांदा कपाळ रस्त्याला टेकवताना तिचा पदर डोक्यावरून सरकला.

मी तिच्यापेक्षा बुटकी. आईची टाळू वरून मी आयुष्यात पाहिली नव्हती. भांगाच्या जागी बोटभर रुंद पट्टा होता, तिथे केस नव्हते. त्यावर काजळ फासलेलं होतं आणि घामाने ते ओघळून कानामागे उतरत होतं. मानेपाशी काळ्या पिना लावलेल्या होत्या आणि वेणी त्या पिनांवर तोललेली होती. तसल्याच पिना माझ्या पॅडच्या पिशवीत होत्या.

तिने पदर सावरला, उठली, माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत एवढा अभिमान होता की मला तिचा रागच आला. का ते तेव्हा कळलं नाही. रांग पुढे निघाली. मला आशीर्वादाचे शब्द म्हणायचे होते, ते मी इतरांमागून पुटपुटले.

शिबिर संपलं, चीवर परत दिलं, पण लोकांच्या लेखी मी काही परत आले नाही. जिन्यात बायका वाट द्यायला लागल्या. कुणाच्या पोराला ताप आला तर मला बोलावून डोक्यावर हात ठेवायला सांगायच्या. बसमध्ये एका बाईने उठून मला जागा दिली, हात दाबला आणि म्हणाली, माझ्या बहिणीला पण होता, ती बरी झाली. मी बसले. काय करणार होते? औषध मात्र आता राजरोस चोळत होते. आईला सांगितलं, डोकं उन्हाने सोललंय. केस यायला लागले ते कडेने काळे आणि मधे विरळ, म्हणून पंधरा दिवसांनी परत काढून आले. त्याचाही बोभाटा झाला: शिबिर संपलं तरी हिने व्रत सोडलं नाही. दोन ठिकाणांहून निरोप आले, मुलगी दीक्षा घ्यायच्या विचारात आहे असं ऐकलं, तर आम्ही थांबतो. आईने विचारलं, काय सांगू? मी म्हणाले, तुला वाटेल ते सांग. आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण रडायला घरात दुसरी जागा नव्हती.

पौर्णिमेला विहारात मला त्यागावर बोलायला लावलं. नाही म्हणून बघितलं, पण नकाराचीही नम्रता झाली. मी सात-आठ मिनिटं बोलले. केस म्हणजे अहंकार, वगैरे. बायका डोळे पुसत होत्या. आई पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर घट्ट, दोन्ही हातांनी धरलेला. मागे खांबाशी आर्याजी बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिल्या. माइक सोडून खाली उतरले तेव्हा मला स्वतःची किळस आली होती.

घरी आलो. दुपार होती. आईने मेथीची जुडी सोडली आणि निवडायला बसली. बराच वेळ पानं तोडत होती. मग वर न बघता म्हणाली, "पुढच्या मेमध्ये मी बसू का गं शिबिराला?"

"तू? गुडघे दुखतात ना तुझे?"

"दुखू देत. दहा दिवस तर असतं." काड्या बाजूला केल्या. "एकदा काढले की झालं ना. मग कुणी विचारत नाही."

ओळखीचंच वाक्य होतं. भाकरी करपली त्या दिवशी तिने मला हेच विचारलं होतं आणि मी तिला उत्तर दिलं होतं, त्याग असतो तो. आता ती तेच उत्तर घेऊन माझ्याच मागोमाग त्याच खड्ड्यात उतरायला निघाली होती, साठीच्या गुडघ्यांनी. आणि मग सात मजले तिच्याही पाया पडले असते.

मी तिच्यासमोर खाली बसले. "आई, मी त्याग बिग काही नाही केला. माझे गळत होते. दीड वर्ष. वेणीत गंगावन होतं. कुणाला कळू नये म्हणून गेले मी."

ती ओरडेल असं वाटलं, विहारात एवढं बोललीस ते काय होतं म्हणून. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. आठवड्याभराचे खुंट होते. तिचं बोट कपाळापासून मागे सरळ गेलं आणि जिथे खुंट विरळ होतात तिथे बरोबर थांबलं.

"इथून?"

"हो."

"माझे पण इथूनच," आई म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून.

"तू झालीस तेव्हापासून," ती म्हणाली. "बाळंतपणाचे गेले असतील, येतील परत, असं वाटलं. आज येतील, उद्या येतील म्हणून पदर घेत राहिले."

मी आता एकतीस वर्षांची आहे.